दोन इंच उतार

माणसं हिमालयात जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी बदनापूरला जाऊन आले. पुढे अंबड आणि अंकुशनगरही केलं. जालन्यातल्या आमच्या घरून सकाळी निघालं तर यातल्या कुठल्याही गावाहून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. आम्हाला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी गेल्या तीन वर्षांत हसले नसेन. म्हणून लिहायला बसले आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. फळ्यावर हिमालय काढायला मला दोन मिनिटं लागतात, पण अठ्ठावीस वर्षांत बर्फ पाहिला तो फ्रिजमधलाच. त्यातही माझा जीव अडकलाय स्पितीत. पर्वतापलीकडचं ते उंच, कोरडं, थंड खोरं मी दरवर्षी पोरांना शिकवते आणि दरवर्षी तास संपला की खडू हातात धरून क्षणभर तशीच उभी राहते. मला तिथं जायचं होतं, तेही आपल्या गाडीतून. वाटेल तिथं थांबायचं, गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं. मोबाइलवर लोक असे संसार थाटून फिरताना दिसतात. ते पाहून पाहून माझी झोप उडाली होती.

आमचे विलासराव बियाण्यांच्या कंपनीत आहेत. नवीन वाण बाजारात जाण्याआधी त्याचे चाचणी प्लॉट घ्यायचे आणि रोज नोंदी करायच्या, हे त्यांचं काम. घरातही ते तसेच. नवा कुकर आणला तेव्हा आठवडाभर शिट्ट्यांची नोंद ठेवली होती. स्पितीचं ऐकून ते म्हणाले, "जाऊ. पण आधी ट्रायल. चाचणीशिवाय आपण साधी तूर बाजारात सोडत न्हाई."

ट्रायल अशी : जिल्ह्याच्या आत तीन रात्री. पहिली अट, दोघांनी तिन्ही रात्री गाडीतच झोपायचं, कुणाच्या घरात नाही. दुसरी अट, एक तरी जेवण गाडीतल्या शेगडीवर शिजवून खायचं. दोन्ही पाळल्या तर मे महिन्यात स्पिती. एक जरी मोडली तर गाडीतलं सगळं काढून सीटा परत बसवायच्या आणि हा विषय कायमचा बंद. मी लगेच हो म्हटलं. आपल्याच जिल्ह्यात तीन रात्री म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं.

युनूसभाईंची शेड

आमची गाडी जुनी, सात जणांची एसयूव्ही. ती सजवायला पुण्या-मुंबईचे कारागीर कशाला, जालना लोखंडाचं गाव आहे, असं म्हणून मी युनूसभाईंकडे गेले. औद्योगिक वसाहतीत त्यांची शेड आहे आणि तीस वर्षं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. मी रंगीत आराखडा काढून नेला होता, खाली सूचीसुद्धा दिली होती.

"नकाशा लई भारी काढला मॅडम," ते म्हणाले. "बिलकुल टेन्शन घेऊ नका. ट्राली उलटली तरी आपलं वेल्डिंग सुटत न्हाई."

उलटण्याचा उल्लेख विलासरावांनी वहीत टिपून घेतला.

मागच्या सीटा निघाल्या. त्या जागी लोखंडी अँगलची चौकट, वर प्लाय, त्यावर गादी. खाली मागच्या दाराशी लांबलचक खण. तो ओढला की आत दोन बर्नरची शेगडी, शेजारी पाण्याचा नळ, भांड्यांची जागा. खिडक्यांना लोहचुंबकानं चिकटणाऱ्या मच्छरजाळ्या, पंख्यासाठी वेगळी बॅटरी, टपावर गुंडाळलेली ताडपत्री. मी वेडी झाले होते. कॉलनीतल्या प्रत्येकीला बोलावून तो खण ओढून दाखवला. लोखंड एवढं झालं की भार पेलायला युनूसभाईंनी मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटाही वाढवून दिला.

"आता दोन टन ऊस भरला तरी बराबर चालंल," ते म्हणाले. आम्ही ऊस भरणार नव्हतो, पण मला अभिमान वाटला.

पहिला दिवस : बदनापूरच्या अलीकडे

शाळेत तीन दिवसांची रजा टाकली आणि निघालो. डिसेंबरची थंडी, ज्वारी निसवलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार. प्रत्येक गतिरोधकावर मागचा खण आतल्या आत धडाम धडाम आपटत होता आणि प्रत्येक धडामला विलासराव माझ्याकडे बघत होते. मी गाणं म्हणत होते.

पहिला मुक्काम किसनरावांच्या शेतात. किसनराव हे विलासरावांच्या कंपनीसाठी बियाणं पिकवणारे शेतकरी. शेताला लागून एक छान उंचवटा आहे. मावळतीचा देखावा समोर यावा म्हणून मी गाडी चढाकडे तोंड करून लावली. ताडपत्री ताणली, खुर्च्या मांडल्या आणि विलासरावांना म्हटलं, "अहो, दार उघडा, चहा टाकते."

त्यांनी मागचं दार उघडलं. खण सुसाट बाहेर आला आणि थेट त्यांच्या पोटावर बसला. ते मटकन खाली बसले. मी धावले ती शेगडीला काही झालं का ते बघायला. हे मला आजही ऐकावं लागतं.

तेवढ्यात किसनरावांची कारभारीण शोभाताई बांधावरून आल्या. खण, शेगडी, नळ सगळं डोळे भरून पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत होते.

"हे काय मांडून राह्यल्या वहिनी?"

"स्वयंपाक."

"आमच्या शिवारात? तुमच्या हातानं?" त्यांचा चेहरा असा पडला की मी त्यांच्या घरी चोरी करताना सापडले आहे असं मलाच वाटू लागलं. "पाव्हणे शेतात उतरले अन् रांधून खाल्लं, असं गावानं ऐकलं तर तोंड कुठं दाखवावं आमी?"

मी अट समजावून सांगितली. स्पिती सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "जा की मंग, कुणी अडवलं," म्हणाल्या आणि कमरेच्या एका धक्क्यानं खण आत सारला. पुढचे दोन तास आम्ही आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला. गोवरीच्या विस्तवात भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, दही, वर गूळ. मग भरीत-भाकरी. मी खाऊन खाऊन बेजार झाले आणि तक्रार करण्याची सोयच राहिली नाही.

सकाळी जाग आली तेव्हा माझे गुडघे हनुवटीला लागले होते. उशी वर, ड्रायव्हरच्या सीटपाशी, आणि आम्ही दोघं मागच्या दाराला चिकटून गोळा झालेलो. रात्रभर आम्ही हळूहळू घसरत होतो. विलासरावांनी खिशातली पट्टी काढून गाडीच्या तळापासून पलंगाची मापं घेतली. पुढून मागे दोन इंचांचा उतार होता.

मी युनूसभाईंना फोन लावला.

"हां, उतार हाय ना," ते खुशीत म्हणाले. "मुद्दाम ठिवला मॅडम. ट्रालीला ठिवावाच लागतो. माल आपोआप मागं सरकतो, धुतलं तर पाणी निघून जातं. कसं वाटलं?"

"युनूसभाई, माल म्हणजे आम्ही आहोत."

 मग ते म्हणाले, "या, आणा गाडी, काढून देतो." पण विलासरावांनी मान हलवली. ट्रायल चालू असताना मधेच प्लॉट दुरुस्त करत नाहीत म्हणे.

दुसरा दिवस : अंबडकडे

आज मी ठरवलं की ओळखीचा माणूस म्हणून भेटता कामा नये. अंबडच्या बाजूला मोसंबीच्या बागांमधून एक शांत वाट सापडली. गाडी लावली, खण दोन हातांनी धरून अलगद बाहेर घेतला, कांदा चिरायला घेतला. येणारे-जाणारे थांबत, बघत, काही न बोलता पुढे जात. मला वाटलं, कौतुक चाललंय.

अर्ध्या तासात स्कूटरवरून साळवे सर आले. हे आमच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर इथे बाग बघतात. घाईत हेल्मेट उलटं घातलं होतं. उतरून ते आधी विलासरावांकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय झालं साहेब? घरी काही वाद झाला का?"

"न्हाई हो. का?"

"लोक सांगून राह्यले, शाळेच्या मॅडम अन् त्यांचे मालक गाडीत राहायला आलेत, स्वयंपाकपाणीबी रस्त्यावरच. मला वाटलं पोरांनी घराबाहेर काढलं." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "असं असतं तर मला एक फोन करायचा की, मॅडम."

आधी मला राग आला. मग विलासरावांचा चेहरा पाहिला आणि मी अशी हसत सुटले की कांदा मातीत पडला. गंमत बघा, आपल्याकडे माणूस घरदार सोडून चारधामला निघाला तर लोक पाया पडतात, आणि घर सोबत घेऊन अंबडला आला तर त्याची कीव करतात.

साळवे सरांनी तह केला. झोपा गाडीत, पण आमच्या अंगणात. आणि जेवण घरात. त्यांच्या ओसरीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पाट मांडले होते. वहिनींनी ज्वारीच्या पातळ भाकरी, लसणाच्या फोडणीची चुक्याची भाजी आणि तांबडं झणझणीत बेसन केलं होतं. सर मला वाढताना पुन्हा पुन्हा विचारत होते, "घरी सगळं ठीक आहे ना, नक्की?" जेवण असं की मी दुसरी भाकरी मागून घेतली. शेगडी दुसऱ्या दिवशीही थंडच राहिली.

अंगण रस्त्याकडे उतरतं होतं आणि गाडी आत येताना तोंड घराकडे, म्हणजे चढाला. युनूसभाईंचे दोन इंच, वर अंगणाचे किती कोण जाणे. मी पुढच्या सीटचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपले.

उजाडताना पाहिलं तर शेजारची जागा रिकामी. जाळीतून बाहेर डोकावले. विलासराव ओसरीवरच्या बाजेवर, साळवे सरांची गोधडी कानापर्यंत ओढून, घोरत होते.

पहिली अट मोडली होती. आणि मोडली होती ती अट घालणाऱ्यानेच.

आधी वाटलं, जाऊन गोधडी ओढावी. मग पुढचं सुचलं. मी ओरडले तर ते कबूल करतील, वहीत लिहितील, आणि संपलं. सीटा परत, स्पिती परत फळ्यावर. मी गुपचूप आडवी झाले. थोड्या वेळानं ते पावलं न वाजवता आले, शेजारी पडले आणि जांभई देऊन म्हणाले, "छान झोप लागली." मी म्हटलं, "हो ना."

वहीत त्यांनी लिहिलं : 'रात्र दुसरी.' पुढची ओळ कोरी सोडली आणि पेन खिशाला लावलं.

तिसरा दिवस : अंकुशनगरजवळ

अंकुशनगर जवळ आलं की डोळे मिटले तरी कळतं. कारखान्याचा गोड-आंबूस वास गाडीत शिरतो. रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, रस्त्यावर पडलेली कांडकी. एरवी मला हा प्रवास फार आवडला असता. त्या दिवशी माझं सगळं लक्ष त्या वहीकडे होतं. विलासरावांनीही ती सकाळपासून उघडली नव्हती, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड वागत होतो.

दुपार कलताना पाटाच्या कडेला, एका तोडलेल्या फडाजवळ थांबलो. पलीकडे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोपी, म्हणजे झोपड्या, होत्या. तिथून एक बाई हात पुसत आली. चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला, चाल तुरुतुरु. ही कांताबाई. मंठ्याकडची, नवऱ्याबरोबर दर साल तोडीला येणारी. आज त्यांची गाडी लवकर भरली होती, म्हणून तिला सवड होती.

तिनं गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"बिऱ्हाड व्हय?"

शोभाताईंना त्यात अपमान दिसला होता, साळवे सरांना संकट. कांताबाईनं एका शब्दात ओळखलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

"किती म्हैने?" तिनं विचारलं.

"तीन दिवस."

ती पाटाच्या भिंतीवर बसून हसली. मनसोक्त हसून घेतलं, मग उठली आणि काही न विचारता माझं सामान उतरवू लागली. तीन टॉर्च, घडीचं टेबल, घडीची बादली, विलासरावांचा वजनकाटा, माझी चार स्वेटर. "हे कशाला? हे कशाला?" एकेक वस्तू उचलून ती विचारी, आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे स्पितीच्या बर्फापर्यंतची उत्तरं देत उभे. "आमी दिवाळीला निघतो ते शिमग्याला माघारी जातो. ह्याच्या निम्म्यात भागवतो बगा." पाण्याचा जड कॅन तिनं खाली मधोमध नेला. रोज लागणारं हाताशी, बाकीचं तळाला. मग थांबून म्हणाली, "अन् कुंकवाचा करंडा?"

माझ्या यादीत सगळं होतं, करंडा नव्हता.

"घ्या! बरफात निघाल्या अन् करंडा न्हाई."

मग ती गादीवर आडवी झाली आणि लगेच उठली. "निजता कशा हिच्यावर?"

मी युनूसभाईंच्या उताराची सगळी कर्मकथा सांगितली. दोन रात्रींची घसरगुंडी सांगितली. ओसरीची बाज सोडून सगळं सांगितलं. विलासराव पाटाच्या पाण्याकडे बघत होते.

"मंग गाडी उताराला तोंड करून लावा की," कांताबाई म्हणाली. "ट्राली मागं कलती असली का आमी तोंड खाली करून लावतो. निजायला बराबर होते."

 अठ्ठावीस वर्षं मी समोच्च रेषा शिकवते. उतार कुठून कुठे, पाणी कुठे वाहणार, पोरांना छडी घेऊन समजावते. आणि दोन्ही रात्री देखाव्याच्या आणि अंगणाच्या नादात गाडीचं नाक चढाला लावून मी घसरत राहिले. विलासरावांनी गाडी वळवली, नाक पाटाच्या उताराकडे केलं आणि आत पलंगावर पाण्याची वाटी ठेवून पाहिली. बाहेर येऊन म्हणाले, "लेव्हल." 

खणाचंही तिनं बघितलं. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं उचललं, जशी उसाची मोळी बांधतात तसं पिळून पीळ दिला आणि खणाची कडी चौकटीला बांधून टाकली. "आता वाजायचा न्हाई." पुढे जालन्यापर्यंत तो खरंच वाजला नाही.

ती निघाली तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "कांताबाई, आज आमच्याकडं जेवायला या. दोघंही."

ती थांबली. "तुमच्याकडं म्हंजे?"

मी गाडीकडे बोट दाखवलं.

"आल्यापासून कुणी आयतं वाढलं न्हाई बगा," ती म्हणाली. "येतो."

दिवेलागणीला ती आली. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, मागे नवरा दत्तू पांढऱ्या टोपीत. पाव्हण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून सोललेल्या उसाची कांडकी आणली होती, आणि पदराच्या टोकाला कागदाच्या पुडीत कुंकू. तेच मी तिला लावलं, मग तिनं मला लावलं.

आणि शेगडी पेटली. तीन दिवसांत पहिल्यांदा. खण सपाट होता, कढईतलं तेल एका बाजूला पळत नव्हतं. मुगाची खिचडी, तळलेले पापड, वर कच्चा कांदा. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा मी टाळी वाजवली आणि दत्तूनं दचकून टोपी सावरली. ताडपत्रीखाली चौघं मांडी घालून बसलो. कांताबाईनं पहिला घास घेतला. 

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "पर वाढा अजून."

विलासरावांनी वही काढली आणि लिहिलं : 'दुसरी अट पूर्ण. मीठ कमी.' मी तिच्या ताटात खिचडी वाढताना फार फार सुखात होते. त्या रात्री आम्ही दोघं गाडीत दगडासारखे झोपलो. तसूभरही घसरलो नाही.

परत जालना

घरी आलो, चहा झाला. विलासराव वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. मी ओट्याशी उभी राहून स्वच्छ असलेला ओटा पुसत होते.

"रात्र दुसरी," ते म्हणाले. "मी ओसरीवर झोपलो होतो."

"माहीत आहे."

ते चमकले. "बोलली न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"तुझा चेहरा बघून लिहायला हात होत न्हव्हता. पण खोटी नोंद करून मला झोप लागायची न्हाई." त्यांनी ती ओळ भरली. सुवाच्य अक्षरात, बाजेचा आणि गोधडीचा उल्लेख करून. मला रडू फुटायच्या बेतात होतं. त्यांच्या याच खरेपणावर मी तीस वर्षांपूर्वी भाळले होते आणि आज त्याचाच मला संताप येत होता.

"म्हणजे नापास," मी म्हटलं. "युनूसभाईंना सांगा, सीटा बसवायला."

"नापास कोण म्हटलं? प्लॉट बाद झाला. काम करणाऱ्याच्या चुकीनं प्लॉट बाद झाला, तर आपण वाणाला दोष देत न्हाई. ट्रायल पुन्हा घ्यावी लागते." त्यांनी पान उलटून नव्या पानावर रेघा मारायला सुरुवात केली. "अन् दुसऱ्यांदा घ्यायची तर त्याच ठिकाणी घेऊन उपयोग न्हाई. वेगळी जमीन पाहिजे. वेगळं हवामान. थंड, कोरडं."

फडकं माझ्या हातातच राहिलं.

"युनूसभाईंना फोन करून ठिव, उताराला हात लावू नका म्हणावं. तोंड कसं लावायचं ते आता आपल्याला कळलंय." मान वर न करता त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं : 'ठिकाण – स्पिती.' मग पेन थांबलं. "समुद्रसपाटीपासून उंची किती धरू? रजिस्टरला लागते."

मी पुस्तक न बघता सांगितली. अठ्ठावीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेला तो आकडा पहिल्यांदाच मला स्वतःला लागला होता.